झिनीमावशींचं बी

झिनीमावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एक धडधाकट, हिरवंगार, कळी धरू लागलेलं झाड मुळासकट उपटत होत्या. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझा तो पहिलाच दिवस होता. लॅबच्या खिडकीतून दिसलं ते एवढंच, की पन्नाशीची एक बाई उकिडवी बसली आहे, शेजारच्या खुरट्या रोपाला धक्काही लावत नाही आणि रांगेतलं सगळ्यांत जोमदार झाड मात्र ओढून बाजूला टाकते आहे. बाईचं कुणाशी तरी बिनसलं असावं आणि राग झाडावर निघत असावा, असं मला वाटलं. मी आतूनच म्हटलं, "अहो मावशी, चांगलं झाड आहे ते." त्यांनी वर पाहिलं, मुळांची माती झटकली आणि म्हणाल्या, "चांगलं हाय की. पर उंच हाय." आणि पुढच्या झाडाकडे सरकल्या.

आमचं हॉस्पिटल वीस खाटांचं. मावशी जनरल वॉर्डात होत्या. पेशंटची कूस बदलणं, चादरी घालणं, भांडं देणं, ज्याच्याजवळ कुणी बसायला नाही त्याला चार घास भरवणं, ही त्यांची कामं. झिनियाला त्या झिनी म्हणायच्या, म्हणून त्यांचं नाव झिनीमावशी पडलं. आमचे डॉक्टरसाहेब त्या फुलांना कायम झेंडू म्हणत आले आणि मावशी दर वेळी न चिडता "झेंडू न्हाय सायेब, झिनी" म्हणत आल्या. दोघांपैकी कुणीच हटलं नाही. मावशींचं कागदोपत्री नाव मला बऱ्याच वर्षांनी कळलं, तेही त्यांच्या रक्ताच्या नळीवर लेबल चिकटवताना.

त्यांची बाग म्हणजे वॉर्डाच्या खिडकीखालची मातीची एक पट्टी. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला गाड्या लावायची फरशी आणि मध्ये दोन हात रुंदीची जागा. साधी झिनिया माणसाच्या छातीला लागते आणि सोलापूरच्या वाऱ्यात आडवी होते. पहिल्या वर्षी ती डॉक्टरसाहेबांच्या गाडीवर लोळली. साहेबांनी फर्मान काढलं, की खिडकीच्या वर काही जाता कामा नये आणि फरशीवर काही पडता कामा नये. नाहीतर त्या पट्टीवरही फरशी बसेल. दुसऱ्या कुणी काठ्या रोवल्या असत्या, दोऱ्या बांधल्या असत्या. मावशींनी झाडाची जातच खाली आणायची ठरवली. त्याला नऊ वर्षं लागली. मी नोकरीला लागले तेव्हा झिनी मांडीपर्यंत आली होती, आणि मी जे सांगणार आहे ते घडलं त्या वर्षी ती गुडघ्याखाली, गच्च, जमिनीलगत फांद्या फुटलेली आणि फुलांनी भरलेली अशी असायची.

ही विद्या त्या कुठे शिकल्या होत्या? मावशी सांगोल्याकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. त्यांच्या वडिलांचा नियम होता, की कळपातला उत्तम नर विकायचा नाही, जत्रेला कापायचा नाही, तो बियाला ठेवायचा. तोच नियम मावशींनी फुलांना लावला. "चांगलं ते ठिवायचं, मदलं द्यायाचं, वंगाळ ते आदी काडायचं," असं त्या म्हणत. यातला 'आदी' महत्त्वाचा. उंच जाणारं झाड त्या फूल उमलण्याच्या आत उपटत. मी एकदा म्हटलं, निदान एक फूल तरी येऊ द्या बिचाऱ्याला. त्यावर म्हणाल्या, "वंगाळ नर कळपात चार दिस ऱ्हायला, तर फुडची समदी कोकरं त्येच्यावर जात्यात ताई. माशी ह्या फुलावरनं त्या फुलावर बसती. तिला काय ठावं?" मी बीएस्सी झालेली बाई. परागीभवनावर मी परीक्षेत पान-पान उत्तरं लिहिली होती, पण हे मला कधी असं दिसलं नव्हतं.

या नियमाचा एक परिणाम असा, की पट्टीतली सर्वांत देखणी फुलं कधीच तोडली जात नसत. ती झाडावरच पिकायची, विटायची, काळी पडायची. आल्यागेल्याला वाटायचं, बाई आळशी आहे, सुकलेलं काढत नाही. कुठलं झाड बियाचं हे ओळखायला मावशींनी कधी खूण केली नाही. दोरा नाही, काडी नाही. मी विचारलं तर हसल्या. "मेंढराला कोन पाटी लावतं व्हय? तोंडं वळखायची." आणि खरंच त्यांना एकेक झाड तोंडानं ओळखू यायचं. ते ज्ञान त्यांच्या डोळ्यांत होतं आणि दुसरीकडे कुठेही नव्हतं. त्यात काही धोका आहे असं तेव्हा ना त्यांना वाटलं ना मला.

मधली फुलं पेशंटची. सकाळी ऊन चढायच्या आत मावशी पट्टीपाशी बसत आणि फुलाखाली देठ दोन बोटांत धरून हलकेच हलवत. मान लवली तर फूल तसंच ठेवायचं, ताठ राहिली तर तोडायचं. "लवतंय तवर झाडाचं, ताठलं की आपलं." खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या त्या उकळून ठेवत. बाटलीत एकच फूल, देठाची पानं काढलेली, रोज पाणी बदललेलं. बुटक्या झाडाचं फूल त्या बाटलीत नीट बसायचं. लांब देठाचं असतं तर बाटली कलंडली असती. असं फूल आठ-दहा दिवस टिकायचं. देवाला ती फुलं त्या वाहत नसत. "वास न्हाय त्येला. पर दुखणाईताला वासाचा तरासच हुतो," असं त्यांचं म्हणणं.

मोहोळकडचे एक आजोबा लकवा होऊन आले होते. तोंड सतत भिंतीकडे. मुलगा आला तरी मान वळवायचे नाहीत. मावशींनी त्यांच्या उशाच्या स्टुलावर भिंतीच्या अंगाला एक लाल झिनी ठेवली आणि रोज सकाळी ती बाटली चार बोटं अलीकडे सरकवू लागल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. आजोबांची नजर फुलामागून यायला लागली, मग मान यायला लागली. आठवड्यानं मुलगा दारात उभा राहिला तेव्हा आजोबा त्याच्याकडे बघत होते. व्यायाम घेणाऱ्या डॉक्टरांना शाबासकी मिळाली. मावशी तेव्हा पलीकडे चादर झटकत होत्या. मी तोंड उघडणार तोच त्यांनी डोळ्यांनी दटावलं.

हे सगळं कौतुकाचं झालं. पण ते बी त्यांच्यासाठी काय होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. एकदा दुपारी लॅबमध्ये भाकरी आणि शेंगाचटणी खाताना त्यांनी ते मला सांगितलं, जेवता जेवता, आवाजात काही फरक न करता. त्यांना एकच मुलगी होती, मंगल. नवरा आधीच गेलेला. मंगल दहावीत असताना शाळेत बियांची पाकिटं वाटली, तिनं आणलेली झिनिया दाराशी डब्यात पेरली. रोपं वीतभर झाली आणि पोरीला ताप आला. तिला सोलापूरला एका मोठ्या दवाखान्यात आणलं. अकरा दिवस काढले आणि ती गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि मावशी दाराशी येऊन बसल्या तर डब्यात पहिलं फूल उमललेलं. डाळिंबाच्या फुलाचा असतो ना, तसा रंग.

"तिनं पेरलं आनि बगितलंच न्हाय," मावशी म्हणाल्या. "म्या तोडलं न्हाय. वाळू दिलं. त्येचं बी धरलं. मग पोटासाटी हितं सोलापुरात आले, तर बी संगं आनलं. ह्यातलं दरएक बी तिच्या हातच्या बियाचं बी हाय ताई. मदी कुटं तुटल्यालं न्हाय. त्येवडं मोडाय नगं बगा." मी मान हलवली. त्यांनी उरलेला भाकरीचा तुकडा पालथ्या डब्यावर ठेवला आणि वॉर्डातून हाक आली म्हणून उठून गेल्या.

दर वर्षी त्या निम्मं बी पेरायच्या आणि निम्मं औषधाच्या एका बाटलीत राखून ठेवायच्या. त्या वर्षी जूनमध्ये पेरलेलं बी गेलं. गच्चीवरच्या टाकीची मोटर कुणीतरी चालू ठेवून विसरलं, रात्रभर पाणी पट्टीत पडत राहिलं आणि सकाळी तिथे नुसता चिखल होता. मावशींनी आठवडाभर माती सुकू दिली, अर्ध्या पेराच्या खोलीवर बोटानं खळगे केले आणि राखलेलं निम्मंही पेरून टाकलं. उगवण चांगली झाली. बाटलीत आता काही उरलं नव्हतं, जे होतं ते जमिनीवर होतं.

झाडं कळीवर आली आणि मावशींना पायऱ्या चढताना दम लागायला लागला. मी बळेच रक्त काढलं. हिमोग्लोबिनचा आकडा बघून मशीन बिघडलं असेल म्हणून पुन्हा लावलं. मशीन बिघडलेलं नव्हतं. आतड्यात गाठ निघाली. दुसऱ्या मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन ठरलं आणि त्यानंतर महिना-दीड महिना सांगोल्याकडे धाकट्या भावाच्या घरी राहायचं ठरलं. निघायच्या दिवशी त्या मला पट्टीपाशी घेऊन गेल्या. झाडांकडे बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. खाली बसवत नव्हतं त्यांना. म्हणाल्या, "बुडाशी पानी घाला. पान भिजवू नगा, पांडरी भुरी येती. दुसरं काय करू नगा ताई. मी आले की बगते." मी म्हटलं, "तुम्ही निश्चिंत जा."

दुसरं काय करू नका, असं त्यांनी सांगितलं होतं. मराठीत याहून सोपं वाक्य नसेल. पण मला नीटनेटकेपणाची खोड आहे. घरी, इथल्या शुक्रवार पेठेत, माझ्या गॅलरीत एक पिवळं पान दिसायचं नाही, लॅबमध्ये काचपट्टी तिरकी राहायची नाही. शिवाय मावशींसाठी काहीतरी करायची मला ओढ लागली होती. त्या तिकडे पोट चिरून घेऊन पडल्या आहेत आणि मी इकडे नुसतं पाणी घालते आहे, हे मला पुरेसं वाटेना. मी मोबाइलवर झिनियाचे व्हिडिओ बघायला लागले. एक गोड आवाजाची बाई सांगत होती, की सुकलेली फुलं काढत राहा, म्हणजे झाड बी धरण्यात ताकद घालवत नाही आणि नवी फुलं देत राहतं. हे खरंच आहे. व्हिडिओ खोटा नव्हता.

एका रविवारी सकाळी मी कात्री घेऊन बसले. बुटक्या झाडांवरची सगळी काळपट, वाळकी बोंडं कापली. पिशवी भरली. घंटागाडी आली तेव्हा स्वतः जाऊन तिच्यात टाकली. पट्टी इतकी स्वच्छ दिसायला लागली की दोन नर्स येऊन फोटो काढून गेल्या. उंच जाणारी झाडं उपटायला माझा हात धजला नाही. ती तर सगळ्यांत सुंदर होती, चहाच्या बशीएवढी फुलं. आणि मी अगदीच खुळी नव्हते; मावशींना बी लागतं हे मला माहीत होतं. पण बियाची झाडं मला ओळखू येत नव्हती, म्हणून मोठं फूल तेच चांगलं असं धरून मी त्या उंच झाडांवरची मोठी मोठी फुलं मुद्दाम वाळू दिली, बी धरलं, बाटलीत भरलं आणि त्यावर झोकात तारीख लिहिली.

मी मावशींच्या भावाच्या मोबाइलवर एक फोटोही पाठवला. त्यांचा फोन आला. "अक्का बगत्यात फोटू," ते म्हणाले. "म्हनत्यात, उंच दिसत्यात." मी म्हटलं, "हो ना, मस्त वाढलीत. त्यांना सांगा, माझ्या हाताला यश आहे." पलीकडे त्यांनी तसंच सांगितलेलं मला ऐकू आलं. मावशी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. आजही तो फोन आठवला की माझ्या कानशिलांना आग लागते.

दिवाळीनंतर मावशी आल्या. निम्म्या झाल्या होत्या. बॅग दाराशीच ठेवून पट्टीकडे गेल्या, मी कौतुकाच्या आशेनं मागोमाग. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा पाहिलं. मग भिंतीला हात लावून त्या हळूहळू खाली बसल्या. एका बुटक्या झाडाचा कापलेला शेंडा बोटानं चाचपला.

"हिची वाळल्याली फुलं कुटं हायत?"

"काढली मी. सगळं साफ केलं. घंटागाडीत टाकली," मी म्हटलं. आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं खिशातली बाटली काढली. "पण बी धरलंय ना मी. हे बघा, भरपूर आहे."

"कंच्या झाडाचं?"

मी सर्वांत उंच झाडांकडे बोट दाखवलं. माझ्या बोटाबरोबरच मला ते कळलं. नऊ वर्षं ज्या झाडांना त्यांनी फुलू दिलं नव्हतं, त्यांचंच बी मी बाटलीत भरलं होतं. आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ती बोंडं कचरा डेपोत पोचवली होती. माशा महिनाभर त्या उंच फुलांवरून सगळीकडे फिरल्या होत्या, ते वेगळंच. मी रडायला लागले. मावशींनी बाटली घेतली, पदराच्या टोकात बांधली. म्हणाल्या, "चूक माजी हाय. तुमाला तोंडं वळखायला शिकवाय पायजे हुतं. समदं एकलीच्या डोस्क्यात ठिवलं म्या." त्या मला चार शब्द बोलल्या असत्या तर मी आयुष्यभर त्यांची ऋणी राहिले असते.

पुढचे तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या पट्टीतली माती चाळत होत्या. गळून पडलेलं एखादं बी मिळेल म्हणून. टाके ओढायचे, मध्येच पोट धरून थांबायच्या. मीही शेजारी बसले. झिनियाचं बी चपटं, मातकट, टोकदार. मातीत सापडणं कठीण. तिसऱ्या दिवशी सात बिया मिळाल्या. फेब्रुवारीत त्यांनी त्या सात आणि माझ्या बाटलीतलं बी पेरलं. मार्चअखेरीला झाडं मांडीला लागली आणि वाढतच राहिली. सातांतली दोनच उगवली. ती बुटकी होती, पण कळी धरायच्या आत उन्हानं बसली. बाकीची डौलानं खिडकीपर्यंत गेली आणि पहिल्याच वाऱ्यात फरशीवर झोपली. डाळिंबी त्यांत एकही नव्हतं. मावशींनी त्यातलं एकही उपटलं नाही. ती पडलेली झाडं बघून माझा जीव तुटायचा, आणि त्या ती ओलांडून कामावर जायच्या.

एप्रिलच्या मध्यावर त्यांचं दुखणं उलटलं. आता ऑपरेशनचा उपयोग नव्हता. ज्या वॉर्डात त्यांनी इतकी वर्षं चादरी घातल्या, तिथेच खिडकीजवळच्या खाटेवर त्यांना ठेवलं. त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. मी दोन वेळा त्यांच्या उशाशी बाटलीत फूल ठेवलं, पट्टीतल्या उंच झाडांचं. त्यांनी मान वळवली नाही.

मी एक गोष्ट त्याआधीच करून ठेवली होती. मार्चमध्ये झाडं वर जायला लागल्यावर बियाण्याच्या दुकानात गेले होते. तिथे बुटक्या झिनियाचं पाकीट सरळ टांगलेलं होतं. नऊ वर्षं जे मावशींनी केलं ते पाकिटावरच्या चित्रात आयतं होतं, तेही सगळ्या रंगांत. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "ताई, याचं बी धरू नका. संकरित आहे. पुढच्या साली तसं येत नाही, उंच-बुटकं कसंही येतं. दर वर्षी नवीन पाकीट न्यायचं." मी घरी गच्चीवर हिरव्या जाळीखाली सहा कुंड्यांत ते पेरलं. का पेरलं हे तेव्हा मनाशीही बोलले नव्हते. मे महिन्याच्या सुरुवातीला झाडं टीचभर उंचीवर गच्च फुलली. एका कुंडीतलं फूल नेमकं डाळिंबी निघालं.

ती कुंडी मी वॉर्डात नेली. म्हणाले, "मावशी, लॅबच्या कपाटामागे तुमची एक जुनी बाटली सापडली. थोडं बी होतं तळाशी. मी घरी पेरलं." एवढं बोलताना मी त्यांच्याकडे न बघता कुंडीखाली वर्तमानपत्र सारखं करत होते.

मावशींनी मान वळवली. बराच वेळ बघितलं. हात लांब केला, देठ दोन बोटांत धरून हलवला. मग बोटांनी झाडाची उंची मापली, मातीपासून फुलापर्यंत. आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "व्हय," त्या म्हणाल्या. "तिचाच रंग हाय. मोडलं न्हाय म्हना की." डोळ्यांतून पाणी उशीवर उतरत होतं. त्यांनी नर्सला बोलावलं, समोरच्या पेशंटला दाखवलं, डॉक्टरसाहेब आले त्यांना दाखवलं. साहेब म्हणाले, "वा मावशी, झेंडू छान आलाय." त्यावर त्या हसल्यासुद्धा. माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरून ठेवला होता. खरं सांगायला ती शेवटची वेळ होती. मी सांगितलं नाही.

त्यानंतर त्या नऊ दिवस होत्या. फुलांपुढे झोपायच्या, जाग आली की आधी तिकडे बघायच्या. भाऊ आले तेव्हा त्यांना म्हणाल्या, "हितं कोन बगनार आता? तू ने. दाराशी लाव. ह्येचं बी धर, फुडल्या साली त्येचं बी धर. मंगलचं हाय ते." भाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताईंमुळं ऱ्हायलं म्हनायचं, न्हायतर गेलंच हुतं." मी कुंडीखालचा कागद सारखा केला. त्या गेल्या, आणि तिसऱ्या दिवशी भाऊ वॉर्डातली ती कुंडी आणि माझ्या घरच्या पाच, अशा सहाही कुंड्या टेम्पोत घालून घेऊन गेले. जाताना माझ्या पाया पडायला वाकले, मी मागे सरकले. धाकटा भाऊ समजून तरी नमस्कार करू द्या, म्हणाले.

पट्टीवर आता फरशी आहे. मला वाटायचं, मी एका मरणाऱ्या बाईला नऊ दिवस सुखाचे दिले, तेवढं तरी माझ्या खात्यावर आहे. ते वाटणंही फार दिवस टिकलं नाही. या पावसाळ्यात भाऊंचा फोन आला. पावसाळा म्हणायचा तो आमच्याकडे. सांगोल्याला पाऊस नव्हता. आवाज पडलेला होता त्यांचा.

"ताई, अक्कानं सांगितल्यागत केलं. चांगल्या झाडाचं बी धरलं, दाराशी पेरलं. समदी छातीला लागल्यात. रंग बी कसलंबी आल्यात. डाळिंबी एक न्हाय." मग म्हणाले, "घरात समदी इचारत्यात, आमी काय चुकलो?"

मला उत्तर माहीत होतं. मी म्हणाले, "पाणी जास्त झालं असेल."

"असंल," ते म्हणाले. "टँकरचंच हाय पानी. पर अक्काचं म्हनून आमच्या वाटनीतलं घालत हुतो. आता कमी करतो."